चिठ्ठी कोणाची, पुस्तक कोणाचे?

तृतीय वर्ष कला (इतिहास)

इतिहासाच्या विद्यार्थ्याने संगणकाविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. संपादक मंडळातल्या माझ्या मित्रालाही वाटले. "तुझ्याकडून एखाद्या किल्ल्यावर लेख येईल असं धरून चाललो होतो," तो म्हणाला. किल्ल्यावरचे टिपण माझ्या वहीत आहेही. पण किल्ल्यावर पुढच्या वर्षी दुसरा कोणीही लिहू शकेल. गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर आमच्या ग्रंथालयाच्या खिडकीवर जे घडले ते मात्र मीच लिहायला हवे, कारण त्यात चूक माझी होती.

ती चूक सांगण्याच्या निमित्ताने, एकाच वेळी अनेकांची कामे अंगावर घेणारा प्रोग्राम ती कशी हाताळतो आणि त्यात माणसामाणसांची गल्लत कशी होते, हे कला शाखेच्या वाचकाला कळेल अशा भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. संगणकाचे जाणकार असतील त्यांनी काही ठिकाणच्या ढोबळपणाबद्दल क्षमा करावी.

खिडकीवरचा प्रसंग

'कमवा आणि शिका' योजनेत माझी नेमणूक ग्रंथालयात होती. माझा मावसभाऊ पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. त्याला आम्ही घरात अण्णा म्हणतो. त्याने दिवाळीच्या सुट्टीत मला जावास्क्रिप्ट ही भाषा आणि ती सर्व्हरवर चालवणारी नोड ही प्रणाली शिकवली. नवे शिकलेले कोठेतरी लावून पाहण्याची हौस दांडगी. मी पुस्तकांची देवघेव नोंदणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. ग्रंथपाल सरांनी दोन महिने तो एकाच खिडकीवर चालवून पाहिला. एकही चूक झाली नाही. मग परीक्षेची गर्दी सुरू झाली तेव्हा तो तिन्ही खिडक्यांवर बसवला. सरांची अट एकच होती : हाताने लिहायचे रजिस्टर बंद करायचे नाही. मला ती अट थोडी जुनाट वाटली होती.

मार्च अखेरीस एके दिवशी द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी खिडकीवर आली. सकाळच्या एसटीने गावाहून आलेली. हॉल तिकिटासाठी तिला ग्रंथालयाचा ना-देय दाखला हवा होता. मी तिचा क्रमांक टाकला. पडद्यावर आले : एक पुस्तक उशिरा परत, दंड १४० रुपये.

"दादा, हे पुस्तक मी नेलंच नव्हतं," ती म्हणाली. "हे अर्थशास्त्राचं आहे. माझा तो विषयसुद्धा नाही."

मागे रांग वाढत होती. मी म्हणालो, "संगणक काही चुकत नाही. नाव तुझंच आहे, बघ." आणि पडदा तिच्याकडे वळवला.

तिने पुढे वाद घातला नाही. बाहेर जाऊन मैत्रिणीकडून पैसे उसने आणले, भरले, दाखला घेतला आणि गेली.

संध्याकाळी पावत्या तपासताना सरांनी मला हाक मारली. "अरे, हे पुस्तक तर एका मुलाच्या नावावर गेलं होतं. रजिस्टरात माझ्या हातची नोंद आहे. मग दंड हिच्या नावावर कसा?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी प्रोग्राम दहा वेळा वाचला, दहा वेळा चालवून पाहिला. दहाही वेळा तो बिनचूक चालला.

मागणी चिठ्ठी आणि शिपाई

उत्तर समजण्यासाठी आपण जुन्या पद्धतीच्या ग्रंथालयात जाऊ. जेथे वाचकाला कपाटांपर्यंत सोडत नाहीत. आपण मागणी चिठ्ठी भरून खिडकीवरच्या कारकुनाला देतो. कारकून ती शिपायाकडे देतो. शिपाई आत जाऊन पुस्तक शोधून आणतो. मग कारकून नोंद करून पुस्तक आपल्या हाती ठेवतो.

शिपाई आत गेल्यावर कारकुनाने काय करायचे? एक रीत अशी, की त्याने स्वस्थ उभे राहायचे आणि पुस्तक आल्यावरच पुढच्या माणसाकडे पाहायचे. या रीतीने पन्नास जणांची रांग हलवायची तर खिडक्या आणि कारकून वाढवावे लागतील. दुसरी रीत अशी, की त्याने चिठ्ठी आत पाठवून लगेच पुढच्याची चिठ्ठी घ्यायची, तिसऱ्याची घ्यायची, आणि जसजशी पुस्तके बाहेर येतील तसतशी ती ज्याची त्याला द्यायची. एकच कारकून, पण रिकामा कधीच नाही.

संगणकात या कारकुनाला थ्रेड म्हणतात. शब्दाचा अर्थ धागा. सूचना एकामागून एक पार पाडत जाणारी ती एक ओळ. आत जाऊन पुस्तक आणणारा शिपाई म्हणजे डेटाबेस, डिस्क, दूरचा दुसरा संगणक, म्हणजे ज्याच्या उत्तरासाठी थांबावे लागते असे काहीही. कारकून ज्या ट्रेमधून पुढचे काम उचलतो ती घटनांची रांग, आणि 'ट्रेमधले उचल, पार पाड, पुन्हा ट्रेकडे पाहा' हे त्याचे अखंड फिरणे म्हणजे इव्हेंट लूप. घटना घडेल तसे काम करायचे आणि उत्तराची वाट पाहत अडून बसायचे नाही, अशा प्रोग्राम-लेखनाला घटनाधारित, असमकालिक लेखन म्हणतात. नाव जड आहे. रीत आपल्या ग्रंथालयाचीच आहे.

कारकून वाढवावेत की चिठ्ठ्या?

पहिली रीत मूर्खपणाची होती असे मात्र कोणी समजू नये. प्रत्येक ग्राहकाला एक थ्रेड द्यायचा ही पद्धत सरळ आणि समजायला सोपी. काम वरून खाली वाचत जावे तसे चालते. पण थ्रेड फुकट येत नाही. त्याला स्वतःची स्मृती लागते. लिनक्सवर एका थ्रेडच्या अर्धवट कामांच्या टिपणांसाठी सहसा ८ मेगाबाइटपर्यंतची जागा राखलेली असते. शिवाय एका कारकुनाला उठवून दुसऱ्याला खुर्चीवर बसवण्यातही वेळ जातो. शे-दोनशे ग्राहक असतील तर हे चालून जाते. १९९९ साली डॅन केगेल या अमेरिकन प्रोग्रामरने असा प्रश्न मांडला, की एकाच सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार ग्राहक का सांभाळू नयेत? यंत्राची ताकद पुरेशी होती; अडचण ताकद वापरण्याच्या रीतीत होती. त्याच्या प्रश्नाला 'सी-टेन-के' असे नाव पडले, म्हणजे दहा हजारांचा प्रश्न.

त्याची उत्तरे पुढच्या दहा वर्षांत आली. रशियाच्या इगोर सिसोएव्ह यांनी २००४ साली एनजिनएक्स हा सर्व्हर प्रसिद्ध केला. मोजके कारकून, आणि प्रत्येकाच्या हाती हजारो चिठ्ठ्या. २००९ साली रायन डाल यांनी नोड आणले, त्यात तर तुमचा-आमचा प्रोग्राम चालवणारा कारकून मुळात एकच. मागे मदतीला थोडे गडी असतात, फायली वाचण्यासारख्या कामांना. त्यांची संख्या, आपण बदलली नाही तर, चार.

अण्णाने मला हेच शिकवले होते, आणि त्यातून मी एक चुकीचे अनुमान काढले होते. कारकून एकच असेल तर दोघांची धक्काबुक्की व्हायचा प्रश्नच कोठे येतो? दोन थ्रेड एकाच नोंदीवर एकदम हात टाकतात तेव्हा घोटाळा होतो, हे मी वाचले होते. माझ्याकडे दुसरा थ्रेडच नव्हता. म्हणून मी निर्धास्त होतो.

पाटीवरचे नाव

आता माझ्या प्रोग्रामने काय केले ते पाहा. पुस्तक परत येताना वाचकाचे ओळखपत्र यंत्रापुढे धरले जाई. प्रोग्राम त्या वाचकाचे नाव एका ठिकाणी लिहून ठेवी. त्या जागेला मी नाव दिले होते 'सध्याचा वाचक'. ही जागा सगळ्या प्रोग्रामला सामाईक होती. खिडकीवर टांगलेली एक पाटीच म्हणा. मग पुस्तक केव्हा नेले होते हे डेटाबेसला विचारायचे. उत्तर येईपर्यंत थांबायचे. उत्तर आले की दिवस मोजायचे, दंड काढायचा, आणि पाटीवर ज्याचे नाव असेल त्याच्या खात्यावर तो लिहायचा.

यात 'उत्तर येईपर्यंत थांबायचे' हे शब्द घातकी. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी 'अवेट' हा शब्द लिहितात. वाचताना वाटते, प्रोग्राम येथे थांबला. वास्तविक थांबते ते फक्त हे एक काम. कारकून थांबत नाही; तो ट्रेकडे वळतो आणि पुढची चिठ्ठी घेतो. म्हणजे प्रत्येक अवेट हे एक दार आहे, आणि त्या दारातून दुसरे कोणीही आत येऊ शकते.

त्या दिवशी तेच झाले होते. पहिल्या खिडकीवर एक मुलगा अर्थशास्त्राचे पुस्तक उशिरा परत करत होता. पाटीवर त्याचे नाव लागले, डेटाबेसला प्रश्न गेला. उत्तर येण्याआधी तिसऱ्या खिडकीवर ही मुलगी स्वतःचे पुस्तक, अगदी वेळेवर, परत करायला आली. पाटीवरचे नाव पुसून तिचे लागले. मग पहिल्याचे उत्तर आले. कारकुनाने दंड काढला, मान वर करून पाटी वाचली, आणि १४० रुपये तिच्या नावावर लिहिले.

एकच थ्रेड होता. कोणी कोणाला धक्का दिला नाही. तरी गल्लत झाली. एका खिडकीवर दोन महिने ती का झाली नाही, हेही यातून कळते. एका खिडकीवर दुसरा वाचक येईपर्यंत पहिल्याचे काम उरकलेले असे. उत्तराला सेकंदाचा अगदी लहान अंश लागे. मी एकटा बसून दहा वेळा तपासले तेव्हाही तेच. चूक होण्यासाठी दोन माणसे लागत होती, आणि तपासताना मी एकटा होतो.

अण्णाला फोन केला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो हाच : "त्या वेळी दोन खिडक्यांवर एकदम माणसं होती का?" मग त्याने एक युक्ती सांगितली. डेटाबेसच्या उत्तराआधी मुद्दाम पाच सेकंदांचा विलंब घालायचा आणि दोन खिडक्यांवर दोन ओळखपत्रे लागोपाठ धरायची. तसे केले. पहिल्याच प्रयत्नात दंड भलत्याच्या नावावर गेला, दुसऱ्यातही, तिसऱ्यातही. ज्या चुकीला मी दहा वेळा शोधत होतो ती आता बोलावली की येत होती.

संदर्भ : कोणासाठी आणि कोठे

या शास्त्रात एक शब्द वारंवार येतो, 'एक्झिक्युशन कॉन्टेक्स्ट'. मराठीत त्याला कार्यसंदर्भ म्हणू. अर्धवट ठेवलेले काम पुन्हा हाती घेताना दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. एक, हे काम कोणासाठी चालले होते. दोन, ते कोठे, म्हणजे कोणत्या थ्रेडवर, पुढे चालवायचे. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट प्रणालीत तर या दोन गोष्टींना दोन वेगळी नावेच आहेत. माझी चूक पहिल्या प्रकारची. आधी तिच्याबद्दल.

जुन्या रीतीत, जेथे एक कारकून एका ग्राहकाचे काम शेवटपर्यंत करी, तेथे ग्राहकाचे नाव कारकुनाच्या खणात ठेवले तरी चाले. जावा भाषेने १९९८ साली अशी सोय दिली. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा खण. पण कारकून मधेच दुसऱ्या ग्राहकाकडे वळू लागला, की खणातले नाव विश्वासाचे राहत नाही. काही प्रणालींत तर अर्धवट काम एका कारकुनाने सोडले आणि दुसऱ्याने उचलले असेही होते. त्याचा खण निराळाच. म्हणून नाव पाटीवर नको आणि खणातही नको. ते चिठ्ठीवर हवे, आणि चिठ्ठी कामाबरोबर फिरायला हवी. आमच्या ग्रंथालयातले शिपाईमामा कपाटातून पुस्तक काढतात तेव्हा मागणी चिठ्ठी त्याच पुस्तकात खोचून आणतात. पन्नास पुस्तके एकदम आली तरी गल्लत नाही. जे ते वर्षानुवर्षे करत आले ते मी माझ्या प्रोग्रामला शिकवले नव्हते.

सर्वांत साधा उपाय म्हणजे वाचकाचे नाव त्या कामाच्या स्वतःच्या जागेत ठेवणे आणि पुढच्या प्रत्येक पायरीला ते हातोहात देणे. अवेटजवळ काम बाजूला ठेवले जाते तेव्हा त्याच्या स्वतःच्या जागेतली टिपणे त्याच्याबरोबर जपून ठेवली जातात. सामाईक जागेतली मात्र कोणीही पुसू शकतो. मोठ्या प्रोग्राममध्ये शंभर पायऱ्यांना नाव हातोहात देणे कंटाळवाणे होते, म्हणून भाषांनीच चिठ्ठी आपोआप बरोबर पाठवण्याची सोय केली : पायथनमध्ये २०१८ साली, नोडमध्ये २०२० साली. सोय चांगली आहे. पण आत काय चालते हे न कळता वापरली, तर चिठ्ठी कोठे गळून पडली तेही कळत नाही.

दुसरी बाजू 'कोठे' याची. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरची चित्रे, बटणे, अक्षरे यांना हात लावण्याचा अधिकार बहुतेक प्रणालींत एकाच थ्रेडला असतो. त्याने एखादे लांबलचक काम अंगावर घेतले, की पडदा थिजतो. अँड्रॉइड फोनमध्ये बोटाच्या स्पर्शाला पाच सेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही, की 'हे ॲप उत्तर देत नाही' अशी सूचना येते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. तो कारकून कोठेतरी दुसरीकडे अडकलेला असतो. म्हणून लांब काम दुसऱ्या थ्रेडकडे द्यायचे. पण उत्तर आल्यावर ते पडद्यावर लिहिण्यासाठी पुन्हा मूळ थ्रेडकडेच परत आणायचे.

येथे एक गमतीदार कोंडी होते. कारकुनाने काम आत पाठवले आणि हट्टाने खिडकीतच उभा राहिला : उत्तर आल्याशिवाय हलणार नाही. आतल्या माणसाचे काम झाले. पण नियम असा, की उत्तर ट्रेमध्ये ठेवायचे आणि याच कारकुनाने ते ट्रेमधून उचलायचे. कारकून उत्तराची वाट पाहतो आहे म्हणून ट्रेकडे बघत नाही. उत्तर ट्रेमध्ये पडून आहे म्हणून कारकुनाला मिळत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि काम जन्मभर अडलेले. सी-शार्प भाषेत २०१२ साली अवेट आले तेव्हा पडद्याचे प्रोग्राम लिहिणारे अनेक नवशिके या खड्ड्यात पडले. नियम सोपा आहे : ज्याला अडून बसायचे नाही असे ठरले, त्याने मधेच कोठेही अडून बसू नये.

मी या खड्ड्यात पडलो नाही, पण त्याच्या शेजारच्या खड्ड्यात पडलो. वर्षभराच्या देवघेवीचा अहवाल तयार करण्याचे काम मी त्याच एकुलत्या थ्रेडवर ठेवले होते. यात कोणाची वाट पाहणे नव्हते, नुसती बेरीज-वजाबाकी होती. म्हणजे मधे एकही दार नव्हते. कोणी अहवाल मागितला, की तिन्ही खिडक्या पाऊण मिनिट बंद. आम्ही इंटरनेटला दोष देत होतो. वाट पाहण्याच्या कामासाठी एक कारकून पुरतो. घाम गाळण्याच्या कामासाठी दुसरा माणूस लागतो. नोडमध्ये त्यासाठी वेगळे कामकरी थ्रेड उघडता येतात. अहवालाचे काम मी तिकडे हलवले.

आठ सेकंद

हे सगळे १४० रुपयांपुरते असते तर मी लेख लिहिला नसता. अण्णाने मला एक जुनी हकीगत वाचायला सांगितली. थेराक-२५ नावाचे कर्करोगावर किरणोपचार करणारे एक यंत्र होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणापेक्षा कितीतरी पट अधिक किरण दिले. त्यांतले काही दगावले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली त्याची तपशीलवार चिकित्सा प्रसिद्ध केली.

त्यातल्या एका दोषाचे स्वरूप मला फार ओळखीचे वाटले. यंत्राच्या प्रोग्राममध्ये अनेक कामे एकाच वेळी चालत आणि काही नोंदी त्यांच्यात सामाईक असत. चालक पडद्यावर उपचाराचा प्रकार लिही. प्रोग्राम त्याप्रमाणे आतले चुंबक जुळवायला घेई, त्याला सुमारे आठ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांत चालकाने चूक लक्षात येऊन मजकूर दुरुस्त केला, तर पडद्यावर दुरुस्ती दिसे, पण आतल्या कामाला तिचा पत्ता नसे. यंत्र निम्मे एका हुकमाप्रमाणे आणि निम्मे दुसऱ्या हुकमाप्रमाणे तयार होई. हळू टंकलेखन करणाऱ्याच्या हातून हा दोष कधीच दिसला नसता. टेक्सासमधील एका रुग्णालयात चालकाचा हात सरावाने इतका जलद झाला होता, की दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत होई.

अपघात झाल्यावर सुरुवातीला सांगण्यात आले, की या यंत्राकडून अधिक किरण दिले जाणे शक्यच नाही. अंगावर भाजल्यासारखे झाले हे रुग्ण सांगत होते. शेवटी त्या रुग्णालयातला भौतिकशास्त्रज्ञ आणि ती चालक यांनी यंत्रापुढे बसून तोच क्रम पुन्हा पुन्हा करून पाहिला, आणि वेग पुरेसा असला की दोष हुकमी उमटतो हे दाखवून दिले.

हे वाचताना मला आमची खिडकी दिसत होती. माझ्या चुकीची आणि त्या चुकीची तुलना नाही. कोठे १४० रुपये आणि कोठे माणसाचा जीव. पण 'यंत्र चुकत नाही' हे वाक्य दोन्हीकडे तेच होते. ऐकून घेणाऱ्यापेक्षा पडद्यावर अधिक विश्वास, हेही तेच.

काय दुरुस्त केले

आमच्या प्रोग्राममध्ये आता 'सध्याचा वाचक' अशी जागाच नाही. प्रत्येक देवघेवीची स्वतःची चिठ्ठी आहे आणि ती शेवटच्या नोंदीपर्यंत बरोबर जाते. दंड लिहिण्याआधी, पुस्तक ज्याच्या नावावर गेले होते तोच हा वाचक आहे ना, हेही डेटाबेसला विचारले जाते. हे मला आधीच सुचायला हवे होते.

अवेटच्या दारांची यादी करताना आणखी एक भोक सापडले. पुस्तकाची एकच प्रत शिल्लक असताना दोघांनी एकदम मागणी नोंदवली, तर प्रोग्राम आधी 'प्रत आहे का?' असे विचारी आणि मग 'दिली' असे लिही. या दोन पायऱ्यांच्या मधे दार होते. दोघांनाही 'आहे' असे उत्तर मिळून एकच प्रत दोघांना कबूल होऊ शकली असती. येथे चिठ्ठी बरोबर असूनही उपयोग नाही, कारण वस्तूच सामाईक आहे. अशा जागी विचारणे आणि लिहिणे यांच्यामध्ये दार ठेवायचे नसते. 'प्रत शिल्लक असेल तरच दिली असे लिही' ही एकच आज्ञा डेटाबेसला द्यायची आणि ती लागू झाली की नाही ते पाहायचे. आता तसे केले आहे.

थोडक्यात, माझ्या वहीत तीन वाक्ये लिहिलेली आहेत. जे एकाच कामाचे आहे ते त्या कामाच्या चिठ्ठीवर ठेवावे. जे सगळ्यांचे आहे त्याला हात लावताना मधे दार ठेवू नये. आणि प्रत्येक अवेटनंतर स्वतःला विचारावे, मी नव्हतो तेवढ्यात येथे काय बदलले?

यंत्रे बदलतील तशा रीतीही बदलतील. जावा भाषेने २०२३ साली लाखोंच्या संख्येने उघडता येतील असे हलके थ्रेड दिले; म्हणजे पुन्हा प्रत्येक ग्राहकाला एक कारकून, पण स्वस्तातला. त्यामुळे प्रोग्राम वाचायला सोपे होतील. वरच्या तीन वाक्यांतले एकही मात्र त्यामुळे खोडावे लागेल असे मला वाटत नाही.

राहिले ते पैसे. सर आणि मी चार संध्याकाळी बसून संगणकातली प्रत्येक नोंद रजिस्टरशी ताडून पाहिली. तीन खिडक्या सुरू झाल्यापासून अकरा नोंदी भलत्याच्या नावावर होत्या. ज्यांनी दंड भरला होता त्यांना तो परत केला. सरांनी मला रागावून एक शब्दही म्हटले नाही. रजिस्टर मिटताना एवढेच म्हणाले, "आता कळलं ना, हे का चालू ठेवायचं?"

त्या मुलीची परीक्षा संपण्याच्या दिवशी मी तिला गाठून १४० रुपये दिले. चूक कशी झाली ते सांगायला लागलो. पाटी, चिठ्ठी, शिपाई. तिने सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "पैसे मैत्रिणीला देते. पण दादा, मी त्या दिवशी खरं सांगत होते, ते तुम्ही ऐकायला हवं होतं."

तिची एसटी लागली होती, ती गेली. यंदा खिडकीवर माझ्या जागी प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी बसतो. त्याला मी प्रोग्राम समजावून दिला आहे. कोणी 'हे माझं नाही' असे म्हणाले, तर आधी रजिस्टर काढायचे आणि मग पडद्याकडे पाहायचे, हेही सांगितले आहे.